कुरळे केस, सरळ प्रश्न



धर्मग्रामाच्या कार्यालयात लोक नाना कामांसाठी येतात. कोणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कोणाला नव्या घराला आशीर्वाद हवा असतो, कोणाला नवऱ्याच्या दारूबद्दल दोन शब्द बोलायचे असतात. पण केसांचा निवाडा करायला आमच्याकडे कोणी येईल असे इतक्या वर्षांच्या सेवेत आम्हाला कधी वाटले नव्हते. पावसाळ्याच्या अखेरीस एक आई आणि तिची मुलगी आल्या. विवाहपूर्व शिबिराचा फॉर्म भरायचा होता. फॉर्म भरून झाला, पेनाला टोपण लागले, आणि मग आई म्हणाली, "फादर, आता तुम्हीच हिला समजवा. माझं काही ऐकत नाही."

प्रकरण असे होते. (त्या दोघींना विचारूनच हे लिहीत आहोत, आणि ओळख पटू नये म्हणून एकदोन गोष्टी बदलल्या आहेत. तेव्हा मिस्सेनंतर पटांगणात उभे राहून तर्क लढवू नका.) मुलगी तारापूर एमआयडीसीतल्या एका औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये काम करते. केस जन्मापासून कुरळे, थेट आजीचे. बारावी झाली तेव्हापासून दरवर्षी बोईसरच्या पार्लरमध्ये जाऊन ती ते सरळ करून घेत आली. आता तिला हे थांबवायचे आहे. आईचे म्हणणे, थांबव, पण लग्न झाल्यावर. मुलाकडच्यांनी हिला सरळ केसांत पाहिले आहे. जानेवारीत वेदीसमोर कोणी वेगळीच उभी राहिली तर लोक काय म्हणतील? मुलगी म्हणाली, "फादर, मुळाशी चार बोटं कुरळे आलेत आणि खाली सगळे सरळ आहेत. आजी म्हणते, अर्धं डोकं माहेरचं, अर्धं सासरचं."

आम्ही हसलो. त्या दोघी मात्र आमच्या तोंडाकडे बघत राहिल्या, कारण त्यांना खरोखर उत्तर हवे होते. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञानाची पदवी घेतली आहे. 'चांगले म्हणजे काय' या प्रश्नावर परीक्षेत पानेच्या पाने लिहिली आहेत. त्या दिवशी मात्र "प्रार्थना करा, आम्हीही विचार करून सांगतो" एवढेच सुचले. ती पळवाट होती हे त्यांनाही कळले असणार. तो विचार गेले दोन महिने चालू आहे.

केसांसारख्या क्षुल्लक गोष्टीवर फादरांनी पत्रकाची पाने का खर्च करावीत, असे काही जणांना वाटेल. पण मत्तयच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभूने पित्याची काळजी समजावून सांगताना डोक्यावरच्या केसांचाच दाखला दिला आहे, ते सगळे मोजलेले आहेत म्हणून. ज्याची मोजदाद स्वर्गात होते ती गोष्ट अगदीच क्षुल्लक नसावी.

आधी पार्लरमध्ये नेमके काय करतात ते पाहू. आम्हाला ते त्या मुलीनेच समजावले, बी.एस्सी. केमिस्ट्री असल्यामुळे जरा सविस्तरच. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्या प्रथिनाच्या लांब साखळ्या जागोजागी गंधकाच्या जोडांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. केस जळला की जो उग्र वास येतो, त्यात हाच गंधक असतो. रिबॉन्डिंग किंवा स्मूदनिंग करताना पहिल्या क्रीमने हे जोड तोडतात. त्यात बहुधा थायोग्लायकोलेट हे रसायन असते. मग तापलेल्या इस्त्रीने केस सरळ ओढतात, आणि दुसरे औषध लावून सरळ झालेल्या अवस्थेत ते जोड पुन्हा बांधतात. एकदा केलेला केस पुन्हा वळत नाही. पण केस कुरळा होतो तो कातडीच्या खाली, ज्या खळग्यातून तो उगवतो तिथे. तिथपर्यंत कोणतेही क्रीम पोचत नाही. महिन्याला साधारण एक सेंटीमीटर नवा केस येतो आणि तो कुरळाच येतो. म्हणजे 'कायमचे सरळ' हे फक्त आज डोक्यावर असलेल्या केसांपुरते. बाकी सगळा हप्ता, घराच्या कर्जासारखा, फक्त हा कधी फिटत नाही.

'केराटिन' नावाने जे करतात त्याची गोष्ट जरा वेगळी आहे. त्यातल्या काही क्रीममध्ये फॉर्मल्डिहाइड असते किंवा इस्त्रीच्या उष्णतेने ते तयार होते. फॉर्मल्डिहाइड पाण्यात मुरवले की फॉर्मलिन होते. फॉर्मलिन आपल्याला नवे नाही. २०१८ साली गोव्यात मासळीत फॉर्मलिन असल्याची ओरड झाली, सरकारने बाहेरून येणारी मासळी काही दिवस बंद केली, आणि इथे सातपाटीच्या पापलेटावर वाढलेले आपले लोकसुद्धा बाजारात मासळीचे कल्ले उचकटून वास घेऊ लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत टाकले आहे. कंपनीत ज्या बापाला मास्क आणि हातमोज्यांशिवाय असल्या ड्रमजवळ जाऊ देत नाहीत, त्याची मुलगी बंद दारांच्या एसी खोलीत तीन-चार तास त्याच वाफेत बसते, आणि त्यासाठी वर पैसे मोजते.

अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ मध्ये एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. तेहतीस हजारांहून अधिक स्त्रियांवर जवळपास अकरा वर्षे लक्ष ठेवले होते. ज्यांनी केस सरळ करण्याची रसायने कधीच वापरली नव्हती, त्यांच्यात सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण १.६४ टक्के निघाले. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ते ४.०५ टक्के होते. यावरून रसायनामुळेच रोग झाला हे सिद्ध होत नाही, संबंध दिसतो एवढेच. आपल्याकडे वर्षातून एकदा करणाऱ्या मुलीने लगेच घाबरून जाण्याचेही कारण नाही. पण पार्लरमध्ये हे काम करणारी मुलगी दिवसातून दोन-दोन, तीन-तीन डोकी करते. ती बहुतेक वेळा आपल्यातलीच असते, सहा महिन्यांचा कोर्स करून लागलेली, पंख्याच्या वाऱ्यावर भागवणारी. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी स्त्रियांच्या नटण्यासजण्यावर लिहिताना, नटवणाऱ्या वस्तू बनवणाऱ्या कारागिरांचा प्रश्नही त्याच ठिकाणी घेतला आहे. त्यांना अर्थात फुप्फुसांची काळजी नव्हती, त्या कामात पाप आहे का एवढेच पाहायचे होते. पण नटणाऱ्या बाईबरोबर नटवणाऱ्या हातांचाही विचार करायचा असतो, हे आम्ही तिथे शिकलो. तेव्हा ज्या भगिनी हे करून घेणार आहेत त्यांनी निदान खिडकी उघडायला सांगावी आणि डब्यावर काय लिहिले आहे ते वाचावे.

आता मुख्य प्रश्न. हे करणे बरोबर की चूक?

पहिले उत्तर तयारच असते: "देवाने जसे दिले तसे ठेवावे." ऐकायला भक्तीचे वाटते, पण टिकत नाही. देवाने आम्हाला अधू डोळे दिले, आम्ही चष्मा लावतो. वाकडे दात तारेने सरळ करतो, आणि त्याबद्दल पापनिवेदनात कोणी काही सांगितल्याचे आठवत नाही. सकाळच्या मिस्सेला पुढच्या बाकांवर बसणाऱ्या आमच्या किती तरी काकांच्या मिश्या नाताळच्या आठवड्यात एकदम काळ्याभोर होतात. तेर्तुलियन नावाचे दुसऱ्या-तिसऱ्या शतकातले ख्रिस्ती लेखक केस रंगवणाऱ्यांवर फार संतापले होते. आपण एक केससुद्धा पांढरा किंवा काळा करू शकत नाही, हे डोंगरावरच्या प्रवचनातले प्रभूचे बोल त्यांनी थेट कलपाच्या विरोधात वापरले. त्यांचे ऐकायचे तर निम्म्या पुरुषमंडळाला बाहेर उभे करावे लागेल.

संत पेत्राच्या पहिल्या पत्रात आणि तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्त्रियांच्या केशरचनेविषयी जे आले आहे, तेही असेच सोयीने वापरले जाते. तो रोख रोमन काळातल्या श्रीमंत बायकांच्या सोन्यामोत्यांनी गुंफलेल्या केसांवर होता, आणि त्या डामडौलापुढे गरिबाने सभेत खाली मान घालून बसण्यावर. त्यात कुरळे आणि सरळ असा भेद नाही. गीतरत्नात तर वधू आपल्या प्रियकराचे वर्णन करताना त्याच्या डोमकावळ्यासारख्या काळ्या, लहरदार केसांचे कौतुक करते. पवित्र शास्त्राला केसांचे वावडे नाही.

अक्वायनस यांचे उत्तर आम्हाला जास्त समजूतदार वाटते. नसलेले सौंदर्य आहे असे भासवणे आणि आजारपणामुळे किंवा अशाच कारणाने आलेले वैगुण्य झाकणे, या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या. दुसरीत त्यांना दोष दिसला नाही. केमोथेरपीनंतर विग घालणारी आपली एखादी भगिनी आठवली की या भेदातली माणुसकी कळते. पण आपल्या विषयाला हा भेद लावायला गेलो आणि आम्ही अडखळलो. कुरळे केस हे वैगुण्य आहे, असे ठरवले कोणी?

दुसरे तयार उत्तर तरुणांचे: "माझं डोकं, माझी मर्जी." यात तथ्य आहे, आणि ज्या देशात बाईच्या डोक्याची मालकी तिच्याकडे कधी नव्हती त्या देशात तर फारच आहे. पण मर्जी कुठून येते? सेमिनरीत यॉन एल्स्टर या नॉर्वेच्या विचारवंताचे १९८३ सालचे एक पुस्तक वाचले होते. त्याचे नावच कोल्हा आणि आंबट द्राक्षांच्या गोष्टीवरून ठेवलेले. कोल्ह्याला द्राक्षे मिळत नाहीत, म्हणून त्याला ती नकोशी होतात. आपली आवडनिवड, आपल्या समोर काय शक्य आहे ते पाहून आपल्या नकळत वळण घेते, असा त्याचा मुद्दा. मग कोल्हा खरोखरच "मला द्राक्षे नकोत" असे मनापासून म्हणत असला, तरी ती त्याची मर्जी म्हणायची का?

कुरळ्या केसांची मुलगी सकाळपासून काय ऐकते ते एकदा मोजून पाहा. आम्ही युवा गटातल्या मुलींना विचारले. मॅगी. झाडू. चिमणीचे घरटे. साईबाबा. "आज विंचरायला विसरलीस का?" शाळेत बाई म्हणतात, तेल लावून नीट बसवून ये. फोटोवाला म्हणतो, जरा हाताने दाबून घ्या. पाहुणे म्हणतात, मुलगी छान आहे हो, फक्त केस... आणि ते वाक्य तिथेच सोडून देतात, कारण पुढचे सगळ्यांना कळते. यातले कोणीही दुष्ट नाही. कोणी तिच्यावर सक्ती केलेली नाही. पण अठराव्या वर्षी ती पार्लरच्या खुर्चीवर बसून "मला सरळच आवडतात" म्हणते, तेव्हा एका बाजूला चार-पाच हजारांचे बिल आणि दुसऱ्या बाजूला हे सगळे रोज ऐकणे, एवढीच तिची निवड असते. दोन्ही पारड्यांत सारखे वजन असते तर आम्ही खुशाल म्हणालो असतो, तुझी मर्जी.

याचे टोक दक्षिण आफ्रिकेने पाहिले. तिथे वर्णभेदाच्या राजवटीत माणूस गोरा की 'रंगीत' हे ठरवायला केसात पेन्सिल खुपसून बघत. ती खाली पडली तर एक जात, अडकली तर दुसरी. सख्ख्या भावंडांची ताटातूट अशा चाचण्यांनी झाली. राजवट गेली, पण २०१६ साली प्रिटोरियातल्या एका नामांकित मुलींच्या शाळेत काळ्या मुलींना आपले केस नैसर्गिक ठेवू द्यावेत म्हणून निदर्शने करावी लागली. कॅलिफोर्नियाला २०१९ साली कायदाच करावा लागला, की केसांच्या जातकुळीवरून शाळेत वा नोकरीत भेदभाव करता येणार नाही.

हे सगळे दूरचे, आपल्याकडे असे नाही, असे म्हणून चालणार नाही. गोव्याला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ आणि यल्लापूरच्या रानात, सिद्दी समाज राहतो. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांच्यात कॅथलिक कुटुंबे पुष्कळ आहेत, भाषा कोकणी आहे. २००३ साली त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. इतक्या पिढ्या याच मातीत काढूनही केसांकडे बघून त्यांना विचारले जाते, तुम्ही कुठल्या देशाचे? आणि आपण तरी कुठले? तारापूरच्या किल्ल्यात, केळवे-माहीमच्या किनाऱ्यावर, वसईच्या बंदरात शतकानुशतके किती गलबते लागली. आपल्या कोळणींच्या, वारली भगिनींच्या, केरळहून आणि झारखंडहून कामासाठी येऊन या धर्मग्रामाचे झालेल्या घरांतल्या मुलींच्या डोक्यांवर सगळ्या तऱ्हेच्या लाटा आहेत. रविवारी गायकवृंदाच्या मागे उभे राहून पाहिले की सहज दिसतात. दिसायच्या, असे म्हणायला हवे. आता बऱ्याचशा सरळ झाल्या आहेत.

आता आमची कबुली. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, नाताळच्या नाटिकेसाठी मुले निवडण्याचे काम आमच्याकडे होते. धर्मशिक्षणाच्या वर्गातली एक दहा-अकरा वर्षांची मुलगी मरियेचे संवाद सगळ्यांत स्पष्ट म्हणत होती. सावळी, दाट कुरळ्या केसांची. मरियेची भूमिका आम्ही दुसरीला दिली, लांब सरळ केसांच्या मुलीला. हिला मेंढरांत घातले. वर हसत हसत म्हणालो, "तुला वेगळी लोकर लावायलाच नको." सगळे हसले. तीही हसली. पुढे तीन-चार वर्षांनी दृढीकरणाच्या दिवशी ती केस सरळ करून आली. बिशपस्वामींपुढच्या रांगेत आम्हाला ती ओळखूसुद्धा आली नाही. ओळखली तेव्हा म्हणालो, "अगं, किती छान दिसतेस!"

तिला आम्ही दोनच वाक्ये बोललो, पण त्यांत शिकवण पूर्ण झाली होती. त्या वर्षीची नाटिका आठवली की आणखी एक गोष्ट टोचते. मरियेच्या डोक्यावर निळी ओढणी होती, कपाळापर्यंत ओढलेली. केस दिसतच नव्हते.

मग आम्ही निवडताना काय बघत होतो? घरातल्या तसबिरी बघत होतो. आपल्या कित्येक घरांत प्रभूची जी तसबीर आहे, खांद्यावर रुळणाऱ्या मऊ तपकिरी केसांची, ती वॉर्नर सॉलमन या अमेरिकन चित्रकाराने १९४० साली काढली. नासरेथचा सुतार तसा दिसत असेल याची शक्यता फार कमी. मेक्सिकोच्या ग्वादालुपेच्या मातेचा चेहरा मात्र तिथल्या मूळ रहिवाशांसारखा सावळा आहे, आणि ती परंपरा १५३१ सालची आहे. आपल्याकडे गोव्याचे आंजेलो दा फोन्सेका पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून मरियेला साडीत रंगवत असत, तेव्हा आपल्याच लोकांनी नाके मुरडली होती. म्हणजे आमची चूक काही नवी नव्हती. त्याने ती लहान होत नाही.

म्हणूनच त्या आईचा आम्हाला राग येत नाही. तिला बाजार माहीत आहे. मुलगी बारावीत असताना एकदा कार्यक्रमाहून रडत घरी आली, तेव्हा तिनेच गळ्यातल्या साखळीसाठी साठवलेले पैसे काढून तिला पहिल्यांदा पार्लरमध्ये नेले होते. हे तिने आम्हाला नंतर एकटीने येऊन सांगितले. "मी काय तिच्या वाईटावर होते का, फादर?" नव्हती. आणि ज्या भगिनी आपले केस सरळ करतात त्या सगळ्या लाजेपोटीच करतात असेही नाही. पहाटेची डहाणू लोकल पकडून मुंबईला ड्यूटीवर जाणाऱ्या एका परिचारिकेने आम्हाला साफ सांगितले, "फादर, सकाळी मला फक्त दहा मिनिटं असतात. गुंता काढत बसू की डबा भरू?" याला आमच्याकडे उत्तर नाही, आणि उत्तर द्यावे असेही वाटत नाही. उलट आता 'नैसर्गिक कुरळे' हीसुद्धा फॅशन झाली आहे. त्यासाठी वेगळा शाम्पू, वेगळे जेल, वेगळा टॉवेल. ज्या मुली सरळ करून घेतात त्यांना त्या जोरावर कोणी तुच्छ लेखू लागले, तर पेन्सिल फक्त दुसऱ्या हातात गेली म्हणायची.

त्या मुलीला आम्ही दुसऱ्या भेटीत विचारले, ज्याच्याशी लग्न होणार आहे त्याला हे माहीत आहे का? ख्रिस्तसभेच्या कायद्यातल्या १०९८व्या कलमात, जोडीदाराच्या एखाद्या गुणाबद्दल मुद्दाम फसवून मिळवलेल्या संमतीचा विचार आहे, पण तो गुण संसार मोडण्याइतका गंभीर असावा लागतो. केसांवरून कोणाचे लग्न रद्दबातल होत नाही, तेव्हा आयांनी काळजी करू नये. आम्ही विचारले ते वेगळ्या कारणासाठी. ती म्हणाली, "सांगितलं ना. तो म्हणाला, मला वाटलं तू रोज घरीच इस्त्री फिरवतेस." एवढेच. त्याला काही फरक पडत नव्हता. मग ही सगळी धडपड नेमकी कोणासाठी होती? आईला विचारले तर ती पुन्हा म्हणाली, लोक.

लोक म्हणजे कोण? जानेवारीत त्या लग्नाला येणार कोण? आपणच. हे पत्रक हातात घेऊन बसलेले तुम्ही, आणि वेदीपाशी उभे असणारे आम्ही. 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न त्या घरात घोळतो आहे, आणि त्याचे उत्तर त्या घरात कोणाकडेच नाही, ते आपल्याकडे आहे.

आपल्या महाराष्ट्रात केसांवरून याहून फार मोठा जुलूम झाला आहे. विधवेचे केशवपन. त्याविरुद्ध पुष्कळांनी लिहिले, पंडिता रमाबाईंनी १८८७ सालच्या आपल्या इंग्रजी पुस्तकात जगापुढे मांडले. पण त्यातली एक गोष्ट आम्हाला विशेष वाटते. १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे ठरवले. ते सुधारक नव्हते, विद्वान नव्हते, रूढी त्यांनी निर्माण केली नव्हती. फक्त ती त्यांच्या हातून चालत होती. एका मुलीच्या केसांवरचा आमचा विनोद आणि विधवेच्या डोक्यावरचा वस्तरा यांची बरोबरी होत नाही हे आम्ही जाणतो. पण रूढी कोणाच्या तरी हातांनी चालते, आणि इथे ते काम आपल्या जिभा करतात.

आम्ही आईला सांगितले, थांबवायचेच असेल तर लग्नाआधी थांबवू द्या. नंतर थांबवले तर सासरी प्रत्येकाला वेगवेगळे समजावत बसावे लागेल, आणि त्या वेळी तुम्ही तिच्या शेजारी नसाल. आता आहात. मुलीला सांगितले, आईने साखळीचे पैसे कशावर खर्च केले ते विसरू नकोस. दोघींनाही आमचे म्हणणे पूर्ण पटलेले दिसले नाही.

गेल्या रविवारी मुलगी दहाच्या मिस्सेला आली होती. सरळ केसांचा सगळा भाग कापून टाकला आहे, आता मानेपर्यंतच राहिले आहेत, सगळे वळलेले. आजी बाजूला बसून तिच्याकडे पुन्हा पुन्हा बघत होती. आई एक बाक सोडून बसली होती. शांतीची खूण देताना मात्र ती वळली.

आणि हो, नाताळच्या नाटिकेची निवड पुढच्या रविवारी धर्मशिक्षणानंतर सभागृहात होईल. निवड या वर्षीपासून सिस्टर करणार आहेत. मुलांनी संवाद पडद्यामागून म्हणायचे आहेत, अशी त्यांची सूचना आहे. आम्ही ती लगेच मान्य केली. आम्हाला मेंढरांच्या पोशाखांचे काम दिले आहे. घरी जुना पांढरा कापूस किंवा लोकर असल्यास कार्यालयात आणून द्यावी.

ख्रिस्तात तुमचे,
धर्मगुरू